दहा सेकंदांचं कुलूप

"दहा सेकंद! अकरावा लागला तर नाव बदलीन!" जावईबापूंनी छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती.

जावईबापू प्रोग्रामर, बायको अनुवादक. जिच्यासाठी तिने दोन वर्षं वाट पाहिली त्या शिष्यवृत्तीचा सत्तावीस पानी अर्ज पडद्यावर भरलेला होता. राहिलं होतं शेवटचं पान, आणि मुदत बरोबर पाचपर्यंत. ती प्रमाणपत्राचा क्रमांक शोधायला कपाटाकडे वळली, तेवढ्यात यांना कीबोर्डच्या फटीत बिस्किटाचा चुरा दिसला!

"अरे, आत्ता नको पुसूस! भलतंच बटण दाबलं जाईल!"

"म्हणून तर कीबोर्ड आणि माउस दोन्ही गोठवतो! ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीत तसं फंक्शन तयारच असतं. आपल्या प्रोग्राममधून नावाने हाक मारायची, की हजर!"

गोठव, दहा सेकंद थांब, सोड. तीन ओळी लिहून प्रोग्राम चालवला आणि सगळं गोठलं. जावईबापूंनी ब्रशने चुरा झटकला आणि ऐटीत आकडे मोजू लागले. दहा झाले. वीस झाले. साठ झाले, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

चूक तिथेच कळली. सिस्टिमची लायब्ररी वेळ मोजते सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणून हात सवयीने दहा हजार लिहून गेला होता. पण थांबण्याची आज्ञा घेतली होती प्रोग्रामिंगच्या भाषेची, आणि ती मोजते अख्खे सेकंद!

"म्हणजे किती वेळ?" बायकोने विचारलं.

"फार नाही. पावणेतीन तास."

"काय! बंद करून चालू कर ना!"

"अर्ज पुसला जाईल गं. सगळी पानं."

त्यांनी माउसची वायर उपटून पुन्हा लावली, शेजाऱ्यांचा कीबोर्ड मागून आणला. संगणक ढिम्म! पाचला सहा कमी. बायको प्रमाणपत्र हातात धरून पडद्याकडे बघत होती. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, काहीतरी दाबून तरी बघा," दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या निवृत्त कारकून.

"आई, कुलूप कीबोर्डलाच आहे! दाबून काय होणार?"

"सरका बघू जरा." सासूबाईंनी चष्मा सावरला आणि कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबलं. पडदा निळा झाला. एस्केप दाबताच अर्ज जसाच्या तसा परत आला, आणि माउसचा बाण चक्क हलला!

"अरेच्चा, ही तीन बटणं थेट सिस्टिमकडे जातात, त्यांना कुलूप लागतच नाही! आई, तुम्हाला कसं माहीत?"

"मला कुठलं काय माहीत! ऑफिसात अडलं, की आम्ही हेच दाबायचो."

बायकोने धडाधड शेवटचं पान भरलं. एकच रकाना उरला होता: अर्ज भरताना तांत्रिक साहाय्य कोणाचं घेतलं? तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, 'आई' असं टाइप केलं आणि पाचला एक मिनिट असताना अर्ज पाठवून दिला.

जावईबापूंनी हरकत घेतली नाही.