मयताचा तास

सकाळी साडेआठला मी पोरीला शिबिरातून आणायला गेले, तर माझी पोरगी मरून पडली होती.

आमच्या लेआउटमधल्या मारुतीच्या देवळासमोर, कडुलिंबाखाली, सतरंजीवर. अंगावर पांढरी चादर, नाकात कापूस. भोवती अकरा पोट्टे मांडी घालून, तोंडं पाडून बसलेले. गाडीची किल्ली हातातून गळाली आणि मी किंचाळले. तेव्हा मयत उठून बसलं आणि वैतागून म्हणालं, "आई, थांब ना! अजून माझं रडणं व्हायचं आहे!"

शिट्टी गळ्यात अडकवलेल्या राठोड मॅडम माझ्याकडे वळल्या. घाबरणं नाही, ओशाळणं नाही. म्हणाल्या, "आली काय? चप्पल काढ. मयताच्या जागी चप्पल घालून उभं राह्यतेत का? अन् पहिले बुड टेकव."

बाई गं! पडलेली किल्ली उचलायला मी वाकलेच होते, त्यामुळे बुड आपोआपच टेकलं.

या राठोड मॅडम म्हणजे आमच्या समोरच्या शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, उंच, काटक. आवाज असा की यवतमाळच्या बसस्टँडवर उभ्या राहिल्या तर भोंग्याची गरज पडणार नाही. मूळच्या दिग्रसकडच्या बंजारा तांड्यातल्या. मूलबाळ नाही, मिस्टर काही वर्षांपूर्वी गेले. 'बुड टेकव' हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. सिलिंडरवाला घाईत असो, की नगरसेवक मतं मागायला आलेला असो, "बुड टेकव, पाणी पे, मंग बोल." नगरसेवक बिचारा अर्धा तास बसला होता.

दर मे महिन्यात त्या लेकरांचं शिबिर घेतात. सकाळी साडेसहा ते नऊ, कारण नंतर आमच्याकडचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. पत्रकावर छापलं होतं, चित्रकला, योगासनं, सुंदर हस्ताक्षर. माझ्या सईचं अक्षर पाहिलं तर कोंबडीसुद्धा लाजेल, म्हणून मी हौसेनं नाव घातलं. आता सांगते, त्या हस्ताक्षराचा तास आजपर्यंत झालेला नाही.

पहिल्याच दिवशी रांग लावून खिसे तपासले. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा पाहिजे, कांदा नाही तर शिबिर नाही. सईच्या फ्रॉकला खिसाच नव्हता. मॅडमनी कांदा तिच्या वेणीला रिबिनीनं बांधून दिला. नऊ वाजता माझी लेक डोक्यामागे कांदा हलवत घरी आली आणि आमचे मिस्टर म्हणाले, "हे शिबिर आहे की मंतर मारणं आहे?"

तिसऱ्या दिवशी 'ओझ्याचा तास'. प्रत्येकाच्या डोक्यावर तुरीच्या डाळीचं गाठोडं आणि देवळाला पाच फेऱ्या. मी हबकलेच. "अवो मॅडम, लेकरांच्या माना मोडतील ना!"

"आमचे बापजादे बैलावर मीठ लादून मुलूख हिंडले," त्या म्हणाल्या. "तुही पोट्टी पाण्याची बाटली बी आईजवळ देते. कायले? तिले खांदे नाहीत काय?"

मी तणतणत घरी आले. पण त्या दिवसापासून सई स्वतःचं दप्तर, बाटली, छत्री स्वतः घेऊन चालते, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

सहाव्या दिवशी 'माफीचा तास'. गृहपाठ असा, की घरी जाऊन एकाची खरी माफी मागायची. सई बाबांसमोर हात जोडून उभी राहिली. "बाबा, मी तुमच्या मोबाइलवरून तुमच्या साहेबाले माकडाचं चित्र पाठवलं होतं. माफ करा." मिस्टरांचा चहा नाकात गेला. साहेब दोन महिन्यांपासून का फुगून आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

हे सगळं मी पचवलं. पण मयत? आठ वर्षांच्या लेकरांना मयत?

त्या सकाळी मी अर्धा तास आधीच पोचले होते, म्हणून बुड टेकवून तो तास पुरा पाहिला. निनाद नावाचा एक गुटगुटीत मुलगा 'बसायला', म्हणजे दुखवट्याला भेटायला, आला आणि येताच म्हणाला, "कसं झालं?"

"चूक!" मॅडमनी शिट्टी फुंकली. "आल्या आल्या विचारायचं नाही. आधी बसायचं. दुसरा."

दुसरी आली, बसली आणि म्हणाली, "माझ्या मामाला पण असंच झालं होतं."

"चूक! आपल्या मामाले घरी ठेवून यायचं. इथं त्यायचं दुःख आहे, तुह्या मामाचं नाही."

तिसरा म्हणाला, "जाऊ द्या, वय झालं होतं." चादरीखालून सई ओरडली, "मी आठ वर्षांची आहे!" सगळे खदाखदा हसले, मॅडमही हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "कोणाचं बी वय झालेलं नसते, बाळांनो. काहीच बोलू नका. नुसतं बसा. माणूस बोलला तर ऐका. नाही बोलला तर चहा करून द्या."

मी सईला उठवलं, नाकातला कापूस काढला, हात धरून ओढत घरी आणलं आणि लेआउटच्या ग्रुपवर एवढा मोठा मेसेज टाकला की वाचायला दोनदा बोट फिरवावं लागावं. ग्रुप पेटला. अपशकुन, लेकरांच्या मनावर परिणाम, बाई एकटी राहून भ्रमिष्ट झाली, एक ना दोन. दुपारी देवळात मीटिंग झाली. ठरलं की शिबिर बंद, या वर्षी आणि पुढेही. सांगायला कोणी जायचं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आग मीच लावली होती ना!

संध्याकाळी गेले. मॅडम दारात बसून डाळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सुरू केलं, "लोकांचं म्हणणं आहे की..."

"तास बंद करू की शिबिर?"

"शिबिर."

त्यांचा डाळीतला हात थांबला. त्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज एवढासा झाला. "बारा पोट्टे येतेत वो. सकाळचे अडीच घंटे कानावर कोणाचा तरी आवाज येते. बाकी दिवसभर मी अन् पंखा."

तरी मी म्हटलं, "पण मॅडम, लेकरायले कायले शिकवायचं हे? त्यांचं वय आहे का?"

"मोठ्यायले शिकवलं असतं. मोठे येत नाहीत ना."

मग त्या सांगू लागल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या मिस्टरांना घ्यायला दवाखान्याची गाडी आली. मॅडमना फाटकापर्यंतच येऊ दिलं. माणूस गेला तो गेलाच, तोंडही दिसलं नाही.

"मले राग नाही," त्या म्हणाल्या. "रोगच तसा होता. म्हटलं, रोग गेला की येतील लोकं. सतरंजी टाकून ठेवली. दोन महिने रोज झटकून टाकून राह्यली होती. रोग गेला. लेआउटमध्ये लग्नं झाली, बारसे झाले, मले सगळ्यायचं बोलावणं आलं. बसायले कोणी नाही आलं. तांड्यात असती तर घरात पाय ठेवायले जागा नसती. मंग समजलं, लोकं वाईट नाहीत. त्यायले वाटते, आता इतक्या दिवसानं जाऊन बोलायचं काय? बोलायचं काहीच नसते, हे त्यायले कोणी शिकवलंच नाही."

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या फाटकासमोरच आहे. ती गाडी आली तेव्हा पडदा मी ओढला होता, सईनं पाहू नये म्हणून. पडदा मग उघडला. मी रोज त्याच फाटकावरून दूध आणलं, नमस्कार-चमत्कार केले, दिवाळीला चिवड्याचा डबा दिला. बसायला गेले नाही. इतके दिवस मी या बाईच्या वागण्यानं हादरत होते, आणि त्या दारात उभी राहून मी माझ्याच वागण्यानं हादरले. लाज वाटली. फार लाज वाटली.

मी चप्पल काढली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं त्याच बोलल्या.

"दवाखान्यातून शेवटचा फोन केला त्यायनं. म्हणे, 'नळ आला होता काय? टाकी भरली?' आठ दिवसांपासून पाणी नव्हतं आपल्याकडे, तुले आठवत असंल. मी म्हटलं, 'हाव, भरली.' खोटं बोलली मी. म्हणे, 'बरं झालं,' अन् फोन ठेवला. बस, एवढंच बोलणं."

आणि त्या रडल्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखर कुठे असते तेही मला माहीत नव्हतं, इतक्या वर्षांच्या शेजारात. मग त्या बोलत राहिल्या, त्यांचं लग्न, त्यांची भांडणं, बशीतून चहा पिण्याची मिस्टरांची सवय. मी ऐकत राहिले.

निघताना फाटकातच मी ग्रुपवर लिहिलं, "उद्या शिबिर साडेसहाला. सगळे तास होतील. कोणाला बोलायचं असेल तर माझ्याशी बोला." फोन लगेच थरथरायला लागला. मी तो पर्समध्ये टाकला.

घरी आले तर सई ओट्यावर बसून आंबा खात होती. "आई, कुठी गेलती?"

"बसायला."

"कोण मेलं?"

"राठोड काका."

तिनं कोय चोखायचं थांबवलं. "ते तर मी लहान होती तवाच मेले ना? मंग तू आज काऊन गेली?"

मी तिच्याजवळ बसले. "उशीर झाला गं," मी म्हटलं. "मला फार उशीर झाला."