समुद्र नसलेल्या देशाची मासळी

अर्जातला चौदावा रकाना भरून जकातबुवांनी पेन टेबलावर ठेवलं आणि ते समाधानाने खुर्चीत मागे रेलले. रकान्यात आकडा होता तीनशे बारा. दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा उल्लेख केला की तुमच्या नावावर एक संदर्भ जमा होतो. असे अडीचशे असले की विभागप्रमुखपदाच्या निवडीत पहिली पसंती मिळे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. यंदा हुकलं, तर ती खुर्ची त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाणार होती आणि रजेच्या अर्जावर त्याची सही मागावी लागणार होती.

जकातबुवा हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवताना तिसऱ्या वाक्याला ते जकातीवर येत.

"कोण हो हे तीनशे बारा जण?" बायकोने विचारलं. ती दातांची डॉक्टर होती. तोंड उघडून आत पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती.

"जगभर पसरलेत."

"आणि म्हणतात काय?"

"म्हणतात म्हणजे... नाव घेतात."

"नाव तर पोलीसही घेतात."

जकातबुवांनी हा प्रश्न टाळला असता, पण पंधराव्या रकान्यात नेमका तोच छापला होता. 'प्रभाव दर्शवणारी, इतरांच्या लेखांतील पाच वाक्ये जोडा. ग्रंथपालांची सही आवश्यक.'

ग्रंथपालबाईंनी दोन दिवसांत सगळे उल्लेख शोधून काढले आणि गठ्ठा पुढे ठेवला. "सर, बसून वाचा."

पहिलं वाक्य होतं, 'आयात आणि निर्यात हे रकाने उलटे भरले तर काय होते, याचा उत्तम नमुना.' दुसरं, 'समुद्र नसलेला हा देश जगाला मासळी पुरवतो, असे येथे गंभीरपणे म्हटले आहे.' तिसरं नुसतंच, 'पाहा आणि सावध राहा.'

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. तक्ता भरताना दोन रकाने उलटे पडले आणि मासळीचा खवलासुद्धा बाहेरून आणणारा देश निर्यातीत पहिला आला. जकातबुवांनाही तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पण तक्ता पुन्हा तपासण्याऐवजी त्यांनी सिद्धान्त मांडला. देशाकडे जे मुळात नसतं त्यातच त्याची खरी ताकद असते, हे त्यांनी बावीस पानांत सिद्ध करून दाखवलं.

"कौतुकाचं एकही नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीनशे चार मासळीबद्दल आहेत. सात तुम्हीच तुमच्याबद्दल लिहिलेत. आणि एकाने कौतुक केलंय, पण दुसरंच कोणीतरी समजून."

"मग ते घ्या ना!"

"घेते. उरली चार."

जकातबुवांनी गठ्ठा पुन्हा उपसला. एक वाक्य जरा बरं सापडलं. 'या लेखाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण अशी चूक आजही होते.' त्यांनी 'नाही'पुढे पूर्णविराम दिला आणि पुढचं खोडलं.

"सही हवी असेल, तर वाक्य शेवटपर्यंत," बाई म्हणाल्या.

"एवढ्याशा टिंबाने काय बिघडतं हो?"

"एवढ्याशा रकान्याने काय झालं ते पाहिलंत ना?"

घरी बायकोचा निकाल तयार होता. "लेख मागे घ्या. किडलेला दात काढून टाकतात, पॉलिश नाही करत."

दुसऱ्या दिवशी जकातबुवा मनाचा हिय्या करून संस्थेच्या संचालकांसमोर उभे राहिले. संचालक खुर्चीतून उठलेच.

"मागे घेता? अहो सर, अख्ख्या संस्थेचे मिळून संदर्भ नऊशे. त्यातले तीनशे चार तुमच्या मासळीचे! लेख गेला की संस्थांच्या क्रमवारीत आपण गेलो तळाला."

"पण तो चुकीचा आहे."

"मोजणाऱ्या यंत्राला ते कळतं का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला मध्ये तोंड घालताय?"

लेख राहिला. पाच वाक्यं मात्र सबंधच्या सबंध, बाईंच्या मोजदादीसह आणि सहीनिशी, निवड समितीपुढे गेली. अध्यक्षांनी ती मोठ्याने वाचायला घेतली तेव्हा जकातबुवांनी नजर बुटांवर नेऊन ठेवली. त्या विद्यार्थ्यापुढे रजेचा अर्ज धरलेला स्वतःचा हात त्यांना स्पष्ट दिसू लागला.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीनशे चार जणांनी चूक दाखवायला वेळ काढला," ते म्हणाले. "आमच्या चुकांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही हो."

"दुसऱ्या उमेदवाराचं, सरांच्या त्या विद्यार्थ्याचं काय?" एका सदस्याने विचारलं.

"सगळे लेख बिनचूक आहेत. संदर्भ नऊ."

सदस्यांनी हळहळून माना हलवल्या आणि पुढचं काम घेतलं.

विभागप्रमुखपदाचा आदेश आठवड्याभरात आला. खाली बारीक अक्षरात अट होती, 'प्रभाव कायम राखावा. दरवर्षी किमान वीस नवे संदर्भ अपेक्षित.' जकातबुवा कामाला लागले. दोन महिने खपून त्यांनी नवा लेख लिहिला, प्रत्येक आकडा मुळाशी ताडून घेतला. एका रविवारी बायको खोलीत आली, तर हे कागदांवर कपाळ टेकवून बसलेले.

"काय झालं?"

"तक्ता तीनदा तपासला."

"मग? चुकला?"

"नाही ना! अगदी बरोबर आलाय," जकातबुवा रडवेल्या आवाजात म्हणाले. "आता याला कुत्रं तरी विचारणार आहे का?"