शून्य टक्के वय

योगराजच्या विम्याच्या ऑफिसात शिरताच जीवरामनानांनी आधारकार्ड टेबलावर हुकमाच्या एक्क्यासारखं आपटलं.

"वाच. माह्यं वय कमी झालं का?"

"नाही नाना."

"मंग मागच्या साली पन्नास टक्के सूट आन् औंदा शून्य कशी?"

मागे त्यांच्या पत्नी बेबाबाई पिशवी सांभाळत उभ्या होत्या. दारात गाडी असूनही दोघं यावलहून जळगावला एस.टी.नं आली होती, कारण तिथे नानांना ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट होतं. बेबाबाईंनाही होतं. ते सगळ्याच बायकांना असतं. पण आपल्या वशिल्यानं मिळतं, अशी नानांची समजूत होती आणि बेबाबाईंनी ती मोडली नव्हती.

नानांनी बासष्टाव्या वर्षी केळीच्या पैशातून पांढरी गाडी घेतली. पुढच्या वर्षी विम्यात वीस टक्के सूट आली. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. वय चढत होतं, सूट चढत होती. कंपनीही एस.टी.सारखाच म्हाताऱ्यांचा मान राखते, हे नानांनी ओळखलं. योगराजला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वडीलधारा माणूस विचारत नाही, सांगतो. नानांनी ते पारावर सांगितलं. वर चहाच्या दुसऱ्या कपाला, पंच्याहत्तरीला विमा फुकट होतो, हेही जाहीर करून टाकलं. त्या शब्दावर त्र्याहत्तर वर्षांच्या छगनआबांनी आयुष्यातली पहिली गाडी बुक केली.

मधे हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी झाली. वांगी भाजून झाली, पुऱ्या संपल्या, आणि नाना गाडी मागे घेऊ लागले. मागे उभे राहून छगनआबा "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते. "बस" ते गाडी विहिरीच्या कठड्याला लागल्यावर म्हणाले.

बंपर चेपला. खर्च साडेतीन हजार.

"खिशातून द्या न," बेबाबाई म्हणाल्या होत्या. "एवढ्याशा कामाले कंपनीच्या दारी कशाले जाता?"

"माह्या वयाच्या मानसाले कंपनी नाही म्हननार नाही."

कंपनी नाही म्हणाली नाही. आठवड्यात पैसे दिले. आणि आता हे शून्य.

"नाना," योगराजनं आवाज मऊ केला, "ती सूट वयाची नव्हतीच. वर्षभर काही मागितलं नाही, त्याचं बक्षीस होतं ते. पाच वर्षं तुम्ही गप्प होता. एकदा मागितलं की गेली. आता पुन्हा पहिल्यापासून."

"आन् वयाची किती?"

"वयाची काहीच नाही."

नाना खुर्चीत बसले. साडेतीन हजारांसाठी पन्नास टक्के गेले, याचं दुःख होतंच. पण ते नंतर करता आलं असतं. "छगनआबाले काय सांगू? परवा गाडी येते त्याची. सारं गाव पेढे खायाले येईल आन् तो मलेच पुढं उभं करीन!"

बेबाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "योगराजभाऊ, म्हंजे जो काही मागत नाही, त्याले सूट?"

"हो काकू."

"दरसाली वाढत जाते?"

"पन्नास टक्क्यांवर थांबते."

"थांबूनच राह्यली मंग. पंचेचाळीस वर्सं झाली माह्या लग्नाले. मी काहीच मागितलं नाही."

"इथं काय काढलं हे?" नाना पुटपुटले.

"एकदा मागून पाह्यते. धुळ्याले कोकिळाकडे जायाचं. आठ दिवस. गाडीनं. येष्टीनं नाही."

"आन् तुही एवढ्या वर्सांची सूट?"

"जाऊ द्या शून्यावर. कोनाले कामाची?"

योगराजनं मान खाली घालून उगाचच कागद सारखे केले. हा क्लेम फेटाळला जाणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. असे क्लेम तो घरीही रोज ऐकत असे.

"निघायचं कवा म्हनते?" नानांनी विचारलं.

"उद्या सकाळी."

नानांनी बोटांवर उद्या, परवा असा हिशोब केला. मग आधारकार्ड उचलून खिशात घातलं.

"आठच दिवस कशाले?" ते म्हणाले. "तुही बहीन हाये. पंधरा राहू."