एका दिवसात आटलेलं शहर

"स्पॅनिशचं काम माझ्यावर सोड! तू फक्त पाहुण्यांच्या गाद्यांना ऊन दाखव!" चष्मेकाकांनी छाती काढून सांगितलं आणि काकूंनी टेबलावरच्या कपबश्या आत नेऊन ठेवल्या. काकांनी छाती काढली की घरात काहीतरी मोडतं, हा त्यांचा संसारभराचा अनुभव. मागच्या खेपेला न्हाणीघराचा नळ होता.

चष्मेकाका म्हणजे त्या वस्तीतले एकमेव चष्मेवाले. एकमेव असूनही दुकान चालत नव्हतं, कारण चष्मा ठेवायला नाकंच उरली नव्हती! बिस्किटांचा कारखाना बंद पडला, तसं एकेका घराला कुलूप लागत गेलं. काका दिवसभर रिकाम्या दुकानात बसून मोबाइलवर स्पॅनिश शिकायचे. हौस म्हणून नव्हे हो. लेकीने दूरदेशी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाशी लग्न केलं होतं, आणि व्हिडिओ कॉलवर व्याह्यांशी हातवारे करून करून काकांचे खांदे भरून आले होते.

ही लेक कित्येक वर्षांत घरी आली नव्हती. सासूची तब्येत तोळामासा, तिला टाकून निघता येईना. शेवटी जावयाने तोडगा काढला, आपल्या आईवडिलांनाही बरोबर घेऊनच यायचं. व्याही-विहीण हो म्हणाले तर चौघं येणार, नाही म्हणाले तर कोणीच नाही. त्या दिवसापासून काकू जिन्यात मांजर चढलं तरी दार उघडून बघत होत्या.

आणि आज सकाळी व्याह्यांचा साधासुधा प्रश्न आला होता, तुमचं गाव आहे तरी केवढं?

"साधा प्रश्न नाही हा," काका म्हणाले. "त्यांच्यात वस्तीच्या मापाप्रमाणे शब्द असतात. चार घरं दिसली की कासेरीओ. त्याहून जरा मोठी ती आल्देआ, म्हणजे वाडी. मग प्वेब्लो, म्हणजे गाव. आणि सगळ्यात मोठं ते सिउदाद. शहर!"

"मग गाव लिहा आणि मोकळे व्हा."

"असं कसं? रस्ते बघितले तर आपलं शहर आहे. दिवे, चौक, थिएटर, सगळं आहे. आणि माणसं बघितली तर वाडी! मग लिहू काय?"

"खरं काय ते लिहा."

"खऱ्याला शब्दच नाहीये गं," काका म्हणाले, आणि उगाचच खिडकी लावून घेतली.

लिहिण्याआधी चार लोकांचं मत घ्यावं म्हणून काका बेकरीत गेले. इथेच घात झाला. बेकरीवाल्या मावशींनी 'वाडी' एवढंच ऐकलं आणि पावाची सुरी कट्ट्यावर आपटली.

"वाडी? अहो, माझ्या भट्टीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत रांग लागायची! तुमची लेक त्या रांगेत घुसायची, कान धरून बाहेर काढलंय मी तिला! आणि आता आम्ही वाडी?"

काका दुकानात परततात न परततात तोच हेडमास्तर हजर. त्यांची शाळा बंद होऊन जमाना झाला, तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

"परदेशात आपली अब्रू काढताय म्हणे!"

"अहो मास्तर, मी फक्त विचारत होतो..."

"ज्या ठिकाणी थिएटर आहे ते शहर. विषय संपला."

"थिएटर बंद आहे, मास्तर."

"बंद आहे, पण आहे ना!" मास्तर ओरडले. मग एकदम खुर्चीत बसले. "माझ्या शाळेत एकेका इयत्तेच्या तीन तीन तुकड्या होत्या हो. वाडीत कधी तीन तुकड्या असतात?"

मास्तरांचे डोळे भरून आलेले बघून काकांचं अवसान गळालं. त्यांनी लिहिलं, सिउदाद. मग लिहितोच आहोत तर हात का आखडता घ्या, म्हणून पुढे 'मोठं' जोडलं! वर पुरावा म्हणून चौकाचा एक जुना फोटो पाठवला. कारखाना सुटल्यावरचा, मुंगीला वाट नाही असा.

मास्तर खूश, मावशी खूश, काका तर हवेत.

तासाभरात उत्तर आलं. काकांनी ते एकदा वाचलं, चष्मा बदलून पुन्हा वाचलं. व्याही लिहीत होते की आम्ही आल्देआत राहणारी माणसं, आमच्याकडे जेमतेम डझनभर घरं. बायको एकदा शहरातल्या इस्पितळात गेली आणि गर्दीत हरवली, तेव्हापासून शहराचं नाव काढलं तरी तिला धाप लागते. तुमचा फोटो बघून ती अंथरूण धरून आहे. तुमच्या मोठ्या शहराला आमचा दुरूनच नमस्कार. माफ करा, आम्ही काही येत नाही.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं. काकांचा चेहरा बघून त्यांना उत्तर मिळालं. त्या उठल्या, गच्चीवर गेल्या आणि उन्हातल्या गाद्या एकेक करून खाली आणायला लागल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

काकांनी घाईघाईने लिहिलं, 'चुकलो. शहर नाही. प्वेब्लो!' उत्तर नाही. तिसरी गादी खाली आली. 'खरं तर आल्देआ. तुमच्यासारखीच!' तरी उत्तर नाही. आता काकांना घाम फुटला. त्यांनी लिहून टाकलं, 'कासेरीओ! अगदी शांत! अंधार पडल्यावर रस्त्यात कुणी दिसत नाही!' आणि खाली उतरून चौकाचा ताजा फोटो काढून धाडला. मोडकी बाकं, थिएटरला कुलूप, आणि चिटपाखरू नाही.

या खेपेला फोनच वाजला. लेकीचा.

"बाबा! तुम्ही दोघं जिवंत आहात ना?"

"अगं, असं काय बोलतेस!"

"मग तिथे झालंय काय? पूर आला? भूकंप झाला? सासरे डोक्याला हात लावून बसलेत. म्हणतात, सकाळी मोठं शहर होतं, दुपारी गाव झालं, मग वाडी, आता म्हणे चारच घरं राहिली! आणि हा फोटो! बाबा, माणसं कुठे गेली?"

"माणसं गेली, पिल्लू."

"कधी?"

"हळूहळू."

लेकीने एकेक विचारायला सुरुवात केली.

"बेकरी चालू आहे?"

"आहे की! एक दिवसाआड."

"डॉक्टर?"

"बसने जावं लागतं."

"आणि बस?"

"येते. कधी कधी."

"आणि दर रविवारी मला सांगता, इथे सगळं मजेत!" लेक रडत होती का चिडली होती, काकांना कळेना. "मी येतेय. एकटीच. सासूबाईच म्हणाल्या, आमचं आम्ही बघू, तू आधी ऊठ आणि जा."

"येतेय! ती येतेय!" काकांनी घर डोक्यावर घेतलं. जिन्यातून गादीसकट काकू धावत आल्या आणि त्यांनी फोन हिसकावला. "किती दिवस राहशील गं?"

"राहायला नाही, आई. तुम्हाला दोघांना घेऊन जायला. आवराआवरीला लाग. बाबांना म्हणावं, दुकान काढून टाका."

काकू हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. काका मटकन त्याच गादीवर बसले.

दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघं इथून जातोय हे आता सांगूनच टाकू, असं ठरवून ते बेकरीत गेले. तर लेक येतेय ही बातमी काकूंकडून आधीच पोचलेली! मावशींनी ताजा पाव हातात कोंबला. "भट्टी आता रोज लावते. तिला वास यायला हवा!" बाहेर चौकात हेडमास्तर बाह्या सरसावून बाकं घासत होते.

"या, चष्मेवाले! आपलं शहर काय चीज आहे ते दाखवू लेकीला! एकदा बघू तर द्या, तीच म्हणेल, बाबा, मी इथेच राहते!"

काकांनी तोंड उघडलं. मास्तरांनी त्यांच्या हातात बादली दिली. काका मुकाट्याने बाकं धुवायला लागले.

उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी पक्कं केलंय. तो उद्या अजून उजाडायचाय, आणि तिकडे काकूंच्या दोन बॅगा भरूनही झाल्यात!