पहारीवरची बाई

तिसऱ्या घरफोडीतल्या पहारीवरही तीच बाई निघाली, तेव्हा प्रयोगशाळेत एकच गडबड उडाली. उघड्या हाताने काही धरलं की कातडीच्या बारीक पेशी त्याला चिकटतात. त्या ओल्या कापसाने टिपायच्या आणि त्यांतून डीएनए काढायचा, हे आपल्या तंत्रज्ञाचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

फौजदार तर हरखूनच गेले. "बाई! आणि पहार चालवते! सराईत दिसतेय."

प्रयोगशाळेचे साहेब मात्र संगणकात डोकं घालून बसले होते. कामात चुकून कुणाचा हात लागलाच तर कळावं, म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांचे डीएनए तिथे नोंदवलेले होते. ही बाई त्यांतल्या एकाशी बरोब्बर अर्धी जुळत होती.

"कुणाशी?" तंत्रज्ञाने विचारलं.

"तुमच्याशी. ही तुमची मुलगी तरी आहे, नाहीतर आई."

मुलगी? त्याचं तर अजून लग्नही ठरलं नव्हतं!

"उद्या लेखी खुलासा आणा," साहेब म्हणाले, "नाहीतर नोकरीवर पाणी सोडा."

घरी आई भाजी निवडत होती. त्याने तिचे हात निरखले, मग गुडघे निरखले. डोकं काही चालेना.

"आई, खरं सांग. तू कधी कुणाच्या घरात खिडकीतून शिरलीस का?"

"मला मेलीला जिना चढताना धाप लागते, खिडकीतून कुठली शिरतेय? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग पहारीला हात कसा लागला तुझा?"

"कुठली पहार?"

"आई, माझी नोकरी जाईल गं!" त्याला रडूच कोसळलं.

आई घाबरली. "अरे, आधी तोंड धू बघू," म्हणत ती टॉवेल आणायला गॅलरीत गेली. डोळे पुसत तोही मागोमाग गेला आणि जागीच थिजला. दोरीवर, चिमटे लावून, प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे वाळत होते.

"हे काय?"

"तुझ्या कोटाच्या खिशात सापडतात. चांगले धडधाकट मोजे, टाकवत नाहीत बाई. धुते, बोटं ओढून सरळ करते, घडी घालून परत खिशात ठेवते. नव्यासारखे वाटतात की नाही?"

वाटायचे खरे. म्हणून तर तो ते बिनदिक्कत हातात चढवायचा.

दुसऱ्या दिवशी खुलासा वाचून साहेब कडाडले, "मोजा एकदा वापरला की फेकायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं! आज चौथ्या घरफोडीतली पहार आलीय, ती मी स्वतः तपासणार. तुमच्या नोकरीचं त्यानंतर बघतो." सगळ्यांत जास्त हिरमोड फौजदारांचा झाला. ते त्या बाईच्या मागावर माणसं पाठवून बसले होते.

चौथ्या पहारीचा निकाल आला. पुन्हा बाईच, पण वेगळी. साहेबांनी चष्मा पुसून पडदा दोनदा वाचला. ही त्यांच्याशी अर्धी जुळत होती. त्यांनी आपल्या कोटाच्या खिशातला हातमोजा काढून हळूच नाकाशी नेला. साबणाचा मंद वास येत होता.

"साहेब, तुमच्या मातोश्री..." तंत्रज्ञ चाचरला.

"असतात माझ्याकडेच. हात काही स्वस्थ बसत नाहीत त्यांचे." साहेबांनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तो तुमचा खुलासा... मजकूर फार छान होता हो. जरा इकडे द्या बघू."