ऑरिनची काडतुसं आणि मार्लिसची गाडी

जगात माणसं दोनच प्रकारची, असं ऑरिन ट्वाईटचं ठाम मत होतं: दुकानातून काडतुसं विकत घेणारी आणि स्वतःची स्वतः भरणारी. पहिल्या प्रकारच्या माणसांशी तो शिष्टाचारापुरतं बोलायचा.

अमेरिकेत, माँटानातल्या त्याच्या घराला गॅरेज एकच, आणि त्यात सहा वर्षांत गाडी शिरली नव्हती. तिथे काडतुसं भरायचं टेबल होतं. त्यावर दाबयंत्र, तराजू, आणि रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे डबेच डबे. बायकोची, म्हणजे मार्लिसची, गाडी बाहेर. नोव्हेंबर ते एप्रिल ती रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायची आणि मग कामावर जायची.

इतका थाट असून ऑरिनच्या पाच गोळ्या निशाण्याच्या कागदावर पडायच्या त्या कोंबड्यांना टाकलेल्या दाण्यांसारख्या! दोष अर्थात त्याचा नव्हता. गोळी पुंगळीत किती आत बसवायची, तेवढंच एक जमत नव्हतं. गोळी फार बाहेर राहिली की नळीतल्या खाचांना टेकते, फार आत गेली की भरकटते. सगळा खेळ इंचाच्या हजाराव्या भागाचा.

"म्हणजे केसाएवढा फरक?" मार्लिसने विचारलं.

"केस? केस म्हणजे ओंडका झाला," ऑरिन म्हणाला.

त्याच जोशात त्याने पैज लावली. शिकारीच्या हंगामापूर्वी होणाऱ्या नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत पाच गोळ्या कॉफीच्या कपाखाली झाकल्या गेल्या नाहीत, तर गॅरेज मार्लिसचं. मार्लिसने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला.

ऑरिन कामाला लागला. माप घेण्यासाठी त्याने एक पोकळ काडतूस केलं, आत दारू नाही, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी नाही. गोळीचं टोक शाईने काळं करायचं, बंदुकीत सारायचं, बाहेर काढून ओरखडे बघायचे आणि गोळी जराशी आत दाबायची. मग त्याने चौदा वेगवेगळ्या खोलीची काडतुसं भरली, प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा तीन हजारांश इंच आत. जेवतानाही त्याच्या तोंडी खोलीच. अखेर नववी खेप त्याच्या मनात भरली आणि ती स्पर्धेच्या डब्यात गेली, टोकं वर करून.

"उलटी ठेव रे," मार्लिसने सुचवलं. "माझे वडील बुडं वर ठेवायचे. टोपी आहे की नाही ते दिसतं."

"टोकांत सौंदर्य असतं, मार्लिस. बुडात काय बघायचंय?"

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर सगळा गाव होता. क्लबचा म्हातारा पंच, लेस्टर, दुर्बीण घेऊन ऑरिनच्या मागेच उभा राहिला. पहिली गोळी डावीकडे गेली, दुसरी खाली. ऑरिनने तिसरं काडतूस घातलं, श्वास रोखला आणि चाप ओढला.

टक.

बार झालाच नाही. पण ऑरिनचे डोळे गच्च मिटले, खांदा उडाला आणि बंदुकीच्या नळीने जमिनीला नमस्कार केला! सगळ्या गावाने ते पाहिलं.

नियम असा, की बार फसला तर नळी लक्ष्याकडे धरून मिनिटभर थांबायचं. ते मिनिट ऑरिनला हिवाळ्याएवढं लांब गेलं. मग काडतूस बाहेर आलं. टोकावर शाईचा पुसट डाग, बुडाला नुसतं भोक. मापाचंच काडतूस डब्यात गेलं होतं.

लेस्टरने शांतपणे विचारलं, "ऑरिन, बार झाला नाही, मग तू दचकलास कशाला?"

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि हे अंगण तर त्याने चौदा वेळा मोजलं होतं. लाजेने त्याचे कान तापले.

लेस्टर मार्लिसकडे वळला. "वहिनी, काडतुसांची परीक्षा तुम्हीच घ्या एकदा."

तिने चष्मा पुसला आणि त्याच बंदुकीतून, त्याच डब्यातल्या पाच गोळ्या झाडल्या. लेस्टरने कागदावर कप ठेवला, मग उचलून त्या जागी आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं ठेवलं. त्याखालीही सगळी छिद्रं झाकली गेली.

सोमवारी ऑरिन मुकाट्याने डबे खोक्यात भरायला लागला. मार्लिस दारात येऊन उभी राहिली.

"टेबल राहू दे," ती म्हणाली. "माणूस कसाही असलास, तरी काडतुसं उत्तम भरतोस. खुर्ची मात्र आणखी एक आण."

तेव्हापासून गॅरेजमध्ये शेगडी पेटवून दोघं शेजारी शेजारी बसतात. खरं सांगायचं तर सहा वर्षांत ऑरिन इतका सुखात नव्हता. गाडी अजून बाहेरच आहे. काचेवरचा बर्फ आता तो खरवडतो. रविवारी सरावाला निघताना मार्लिस त्याच्या हातात पाच काडतुसांचा डबा देते. त्याची दचकायची खोड मोडावी म्हणून त्यातलं एक पोकळ असतं, कोणतं ते फक्त तिला ठाऊक.

"टोकं वर ठेवलीत हं," ती सांगते. "सौंदर्य बघ."