हादग्यातला हत्ती

महिला मंडळाच्या बैठकीत श्यामला एवढंच म्हणाली, "वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं जेवू घालून काय होतं? त्यांनाही कधी खेळायला मिळायला हवं." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम तिच्याच गळ्यात घातलं. (बोलेल त्याने करावं, हा मंडळाचा रिवाज ती दर वेळी विसरे.) हस्त लागलाच होता, म्हणून हादगा ठरला.

अडचण एकच, तिचा तान्हा बंडू. त्याच्या आधीची मुलगी अंगावर पीत असतानाच तापाने गेली होती. म्हणून श्यामला बंडूला वाऱ्याच्याही हाती देत नसे. त्याचं पाणी उकळे, चमचा उकळे. एकदा खुळखुळा उकळला, तो वितळून पातेल्याला चिकटला. "आता मलाही एक उकळी काढ," असं तिचे यजमान, मास्तर, म्हणाले, तेव्हा ती हसली नव्हती. मास्तर शाळेत, घरी दुसरं कुणी नव्हतं. बंडूला कडेवर घेऊनच ती शाहूपुरीतल्या आश्रमात पोचली, ती त्याला कुणाच्याही हाती द्यायचं नाही असं मनाशी ठरवून.

ओसरीत पाट मांडून तिनं त्यावर रांगोळीचा हत्ती काढला.

"ही म्हस कुणाची?" गुंडूतात्यांनी विचारलं.

"हत्ती आहे तो. चला, फेर धरा."

कुणी हललं नाही. अंबूबाईंचे गुडघे धरलेले, बायडाबाईंना उभं राहिलं की चक्कर. आंधळ्या तानाबाई तर आश्रमात आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसत, जेवणापुरत्या वळत.

"हादगा पोरींचा असतोय, मास्तरीणबाई," अंबूबाई म्हणाल्या. "आमी रांडमुंड बाया. आमचा कसला हादगा?"

श्यामलेला जे सुचलं, ते तिला स्वतःलाच फार हुशारीचं वाटलं. "तुम्ही बसूनच राहा. आज हत्तीच तुमच्यामधून फिरेल!" बंडूला सतरंजीवर ठेवून तिनं पाट उचलला आणि अंबूबाईंच्या मांडीवर द्यायला वाकली. पाट कलला. सोंडेसकट सगळा हत्ती अंबूबाईंच्या ओटीत सांडला.

(रांगोळी घसरते, हे मॅट्रिकला विचारत नाहीत.)

अंबूबाईंनी ओटीत पाहिलं. "आगं बया! मालक गेल्यापास्नं पैल्यांदा वटी भरली की माझी!" त्या हसल्या, तशी ओसरी हसली.

श्यामला ओशाळून रांगोळी झटकत होती, तेवढ्यात बायडाबाईंनी बंडूला उचललं. "ह्यो घ्या हत्ती. ह्यो सांडत न्हाय."

"अहो, त्याला नको..."

पण गाणं सुरू झालं होतं. बंडू या मांडीवरून त्या मांडीवर निघाला. बायडाबाईंचा खोकला, गुंडूतात्यांची तपकिरीची बोटं. श्यामलेचा जीव टांगणीला लागला. ओरडावं तर गाणं थांबणार, न ओरडावं तर आपण कसली आई?

"तानाबाई, हात पसर. हत्ती आलाय दारात," गुंडूतात्या म्हणाले.

भिंतीकडचं तोंड वळायला फार वेळ लागला. मग दोन वाळके हात पुढे आले. ते बंडूच्या पायांवरून, पोटावरून, कानांवरून हळूहळू फिरले.

"टोपडं काढा ह्याचं," तानाबाई म्हणाल्या. "पोर घामानं भिजलंय."

आश्रमात कित्येकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. श्यामलेनं मुकाट्यानं टोपडं काढलं. (आत आणखी एक होतं. तेही काढलं.) तानाबाईंनी थांबलेलं गाणं उचललं, मांडी हलवू लागल्या, आणि बंडू निजला. श्यामला शेजारी टेकली. बंडू झाल्यापासून पहिल्यांदाच तिचे हात रिकामे होते आणि काही वाईट घडत नव्हतं. ते हात ठेवावेत कुठे, तेच तिला कळेना.

निघताना तिनं बंडूला उचललं, तसं त्यानं भोकाड पसरलं.

"मास्तरीणबाई, उद्याबी हादगा हाय न्हवं?" तानाबाईंनी विचारलं.

श्यामलेचे डोळे भरून आले. "हो तर! येईन ना मी!"

"तुमी कशाला? पोराला धाडा," तानाबाई म्हणाल्या. "तुमी घेतलं की रडतंय त्ये."